मशीनच्या दारातलं पुस्तक: फ्रीबीएसडी तिच्याच मॅन्युअलवरून कशी शिकायची

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या मशीन शॉपमध्ये व्हीएमसीच्या, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकी मशीनच्या, इलेक्ट्रिकल पॅनेलच्या दाराला आतून एक कप्पा आहे. त्यात मशीनचं मॅन्युअल असतं. तेलकट बोटांचे डाग पडलेलं, अलार्मच्या पानांपाशी आपोआप उघडणारं. मशीन अलार्म देऊन थांबलं की नवीन पोरं आधी फोन काढून व्हिडिओ शोधतात. आमचे सगळ्यांत जुने मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते दार उघडतात, अलार्मचा नंबर बघतात आणि तेवढंच पान वाचतात. एकदा एका पोराला म्हणाले, "पुस्तक दारात ठेवलंय ते काय पूजेला व्हय रं?"

ते वाक्य मलाही लागलं. कारण त्याच आठवड्यात मी शॉपची ड्रॉइंग ठेवायला एका जुन्या पीसीवर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम घालून बसलो होतो आणि कुठले तरी व्हिडिओ बघून आज्ञा (कमांड) उतरवत होतो. निम्म्या चालत नव्हत्या. त्या का चालत नव्हत्या हे मशीनमध्येच लिहून ठेवलेलं होतं.

गुऱ्हाळावर काहिलीतला पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळव्याला विचारावं लागतं, ते कुठं लिहिलेलं नसतं. संगणकाचं तसं नाही. पण लिहिलेलं वाचायचीही एक रीत असते, आणि ती कुणी शिकवत नाही. ती रीत इथं पायरीपायरीने मांडतोय.

एक सूचना आधी. आज्ञा आणि फाइलींची नावं मी देवनागरीत, अक्षरं सुटी करून लिहिली आहेत. "सी-पी" दिसलं की कीबोर्डवर इंग्रजी सी आणि पी, मधली रेघ नको. ऑप्शनआधीची आडवी रेघ द्यायची असेल तिथं "डॅश" असं लिहिलं आहे.

फ्रीबीएसडीच का, आणि कुणी घेऊ नये

फ्रीबीएसडी म्हणजे लिनक्स नव्हे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वाढलेल्या युनिक्सच्या फांदीवरची ही ऑपरेटिंग सिस्टीम. प्रकल्प १९९३ साली सुरू झाला. लिनक्समध्ये कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, एकाचं, रोजच्या आज्ञा दुसऱ्यांच्या आणि त्यांची मोट बांधणारा तिसराच. इथं कर्नल, मूळ आज्ञा आणि त्या आज्ञांची मॅन्युअल पानं एकाच प्रकल्पात, एकाच सोर्समध्ये राहतात. त्यामुळे मशीनमधलं पान आणि मशीनमधली आज्ञा एकाच आवृत्तीची असते. कागदपत्रांवरून शिकायचं असेल तर यासारखी सोय नाही.

पण ज्याला बिलं करायची आहेत, टॅली चालवायचं आहे, मराठी टाइप करून प्रिंट काढायच्या आहेत, त्याने या वाटेला जाऊ नये. सरळ विंडोज किंवा एखादं सोपं लिनक्स घ्यावं. फ्रीबीएसडी चांगली चालते ती कोपऱ्यात बसून फाइली सांभाळणाऱ्या, नेटवर्क बघणाऱ्या मशीनवर. आणि आतून काय चालतं हे शिकायचं असेल त्याच्यासाठी.

पायरी पहिली: मोडलं तरी चालेल अशी जागा

चालू कामाच्या मशीनवर शिकू नका. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स घालून त्यात फ्रीबीएसडी बसवा, नाहीतर घरातला पडून असलेला पीसी घ्या. व्हर्च्युअल मशीनसाठी तयार डिस्क इमेजही मिळतात, पण मी म्हणेन इन्स्टॉलरमधूनच बसवा. तो जे प्रश्न विचारतो त्यातले निम्मे पुढे उपयोगी पडतात.

डाउनलोडच्या पानावर पहिल्यांदा गोंधळ होतो तो "एएमडी-६४" या नावाचा. आपल्या पीसीत इंटेलचा प्रोसेसर आहे, मग हे आपलं नव्हे, असं वाटतं. आपलंच आहे. ६४ बिटांची ही रचना आधी एएमडीने आणली म्हणून नाव तसं पडलं, इंटेलच्या ६४ बिट प्रोसेसरलाही तीच फाइल लागते. उतरवल्यावर चेकसम, म्हणजे फाइल नीट उतरली का ते दाखवणारी आकड्या-अक्षरांची ओळ, ताडून बघा. विंडोजमध्ये त्यासाठी "सर्टयुटिल" आज्ञा आहे, तिला "डॅश हॅशफाइल", फाइलीचं नाव आणि "एसएचए२५६" द्यायचं. येणारी लांब ओळ साइटवरच्या ओळीशी जुळली पाहिजे.

इन्स्टॉलरमध्ये दोनच जागी सावध राहा. डिस्कच्या प्रश्नाला झेडएफएस या फाइल सिस्टीमचा पर्याय घ्या, त्याचं कारण पुढे येईल. आणि स्वतःचा युजर बनवताना आणखी कुठल्या ग्रुपमध्ये घालायचं असं विचारतो, तिथं "व्हील" असं टाइप करा. तिथं नुसतं एंटर मारलं तर आपल्या खात्यावरून "एस-यू" करून रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, होता येत नाही, आणि "सुडो" इथं मुळात बसवलेलं नसतं. मी एंटर मारला होता.

पायरी दुसरी: कुठला कागद कशासाठी

तीन गोष्टी आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत.

हँडबुक हे पुस्तक आहे. "हे काम करायचं तर सुरुवात कुठून" याचं उत्तर त्यात मिळतं. वेबवर आहे, पीडीएफही मिळते. सगळं वाचायला बसू नका, झोप येईल. इन्स्टॉलेशनचं प्रकरण, मग "फ्रीबीएसडी बेसिक्स" आणि त्यानंतर सॉफ्टवेअर बसवण्याचं प्रकरण, एवढी तीन सलग वाचा. बाकीची काम पडेल तेव्हा.

मॅन्युअल पानं म्हणजे "एम-ए-एन" या आज्ञेने उघडणारी पानं. "या आज्ञेचा हा ऑप्शन नक्की काय करतो" याचं उत्तर इथं. ती शिकवत नाहीत, सांगतात. नवशिक्याची चिडचिड होते ती इथंच, कारण तो मॅन्युअल पानाकडून शिकवणीची अपेक्षा करतो.

तिसरं, रिलीज नोट्स आणि एराटा. या आवृत्तीत काय बदललं, काय चुकलं. हे कुणी वाचत नाही आणि मग तासन् तास जातात. त्यावर पुढे बोलू.

पायरी तिसरी: मॅन्युअलचं पान वाचायचं कसं

इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

युनिक्सचं पहिलं मॅन्युअल केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅबमध्ये काढलं, त्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. पानांची ठेवण तेव्हापासून फारशी बदललेली नाही. आधी नाव, मग वापरण्याचा साचा, मग वर्णन, शेवटी संबंधित पानं आणि "बग्ज". स्वतःच्या आज्ञेतले दोष तिच्याच पानावर छापायची पद्धतही त्या पहिल्या मॅन्युअलपासूनची.

मॅन्युअलचे क्रमांक लावलेले विभाग असतात. १ म्हणजे रोजच्या आज्ञा, ४ म्हणजे उपकरणं आणि ती चालवणारे ड्रायव्हर, ५ म्हणजे फाइलींची रचना, ७ म्हणजे किरकोळ पण मोलाचं, ८ म्हणजे सिस्टीम सांभाळणाऱ्याच्या आज्ञा. २, ३ आणि ९ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी, ते सध्या सोडा. ६ मध्ये खेळ. एकच नाव दोन विभागांत असू शकतं. "पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी" विचारलं तर पासवर्ड बदलण्याच्या आज्ञेचं पान येतं. पासवर्डची फाइल कशी लिहिलेली असते हे हवं असेल तर "एम-ए-एन", मग ५, मग ते नाव. पानात कुठल्याही नावापुढे कंसात आकडा दिसला की तो हा विभाग.

पान उघडल्यावर हलायचं कसं? स्पेसने पुढचा पडदा, "बी" ने मागचा. तिरकी रेघ मारून शब्द टाइप करून एंटर दिला की तो शब्द शोधतो, "एन" ने पुढचा सापडतो. "क्यू" ने बाहेर. लांब पान वरपासून वाचत बसणाऱ्याला मी सांगतो, तिरकी रेघ मार, "एक्झाम्पल्स" टाइप कर, आधी उदाहरणं बघ, मग वर ये.

नावच माहीत नसेल तर "एप्रोपोस" ही आज्ञा. ए, पी, आर, ओ, पी, ओ, एस. तिला इंग्रजी शब्द द्या, "डिस्क", "यूएसबी", असा. पानांच्या नावांत आणि एका ओळीच्या वर्णनात शोधून ती यादी देते. यादी मोठी आली तर "डॅश एस ८" जोडून फक्त आठवा विभाग मागा.

आता एकच पान जवळून बघू, फाइल कॉपी करणाऱ्या "सी-पी" चं. वर "सिनॉप्सिस" मध्ये कंसांची रांग दिसते. चौकोनी कंसातलं द्यायलाच हवं असं नाही. उभ्या रेघेने तोडलेल्यांपैकी एकच घ्यायचं. अधोरेखित शब्दाच्या जागी आपली फाइल किंवा फोल्डर. तीन टिंबं म्हणजे असे कितीही द्या. या पानावर एफ, आय, एन हे तीन ऑप्शन एकाच कंसात उभ्या रेघांनी तोडलेले आहेत. आय म्हणजे तिथं आधीच फाइल असेल तर विचार, एन म्हणजे असेल तर हात लावू नकोस, एफ म्हणजे न विचारता पुढं जा. तिन्ही एकमेकांना छेद देतात, म्हणून एका कंसात. हे आकृतीसारखं वाचायला लागलं की खाली वर्णन न वाचताही निम्मं कळतं.

आणि आता माझी चूक. "ड्रॉइंग" नावाचं फोल्डर बॅकअपच्या डिस्कवर उतरवायचं होतं. लिनक्समध्ये शंभरदा केलेलं काम. सी-पी, डॅश मोठा आर, फोल्डरचं नाव. नाव पूर्ण टाइप न करता टॅब दाबला, त्यामुळे नावाच्या शेवटी तिरकी रेघ आपोआप आली. बॅकअपमध्ये "ड्रॉइंग" हे फोल्डर तयारच झालं नाही, त्याच्या पोटातली सगळी पिलावळ थेट डिस्कच्या माथ्यावर सांडली, आधीच्या फाइलींत मिसळून. निवडून वेगळं करायला रविवार गेला. मग पान उघडलं. मोठ्या आरच्या वर्णनात एक साधं वाक्य आहे: दिलेल्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर फोल्डर नव्हे, त्यातला मजकूर कॉपी होतो. लिनक्समधल्या सी-पी ला त्या रेघेने फरक पडत नाही, इथं पडतो. ही आवृत्ती १४ मधली गोष्ट, तुमच्या आवृत्तीत काय आहे ते तुमच्याच मशीनच्या पानावर बघा.

तेव्हापासून माझा नियम असा, की आज्ञा ओळखीची असली तरी नव्या सिस्टीमवर तिचं पान एकदा बघायचं. फाइलीतला मजकूर बदलणाऱ्या "सेड" चा डॅश आय, म्हणजे फाइल जागच्या जागी बदलणारा ऑप्शन, असाच वेगळा वागतो. इथं त्याला बॅकअपच्या नावाची शेपटी द्यावीच लागते, नको असेल तर रिकामी अवतरणचिन्हं.

इंग्रजीची भीती असेल तर तीही बोलून टाकू. मीही मराठी माध्यमाचाच. मॅन्युअल पानांचं इंग्रजी कादंबरीचं नसतं, फार तर दोनेकशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. "बाय डीफॉल्ट" म्हणजे आपण काही सांगितलं नाही तर. "इफ ओमिटेड" म्हणजे हे गाळलं तर. "इम्प्लाइज" म्हणजे हा ऑप्शन दिला की तो दुसराही आपसूक लागू. "ओव्हरराइड्स" म्हणजे आधीच्याला खोडतो. "डीप्रिकेटेड" म्हणजे अजून चालतंय, पण यावर नवीन काही बांधू नका, पुढे काढून टाकतील. "मस्ट" आणि "शुड" यांतला फरक विसरू नका, पहिला अट घालतो, दुसरा सल्ला देतो. हे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले की महिन्याभरात तिकडे बघावं लागत नाही.

पायरी चौथी: घराचा नकाशा

नव्या गावात आलो की आधी स्टँड कुठं, बाजार कुठं हे विचारतो. इथं ते "एच-आय-ई-आर" या पानावर आहे, सातव्या विभागात. कुठल्या फोल्डरमध्ये काय असतं याची ओळीओळीने यादी. पूर्ण वाचा, दहा मिनिटं लागतात.

त्यातली एक गोष्ट कळली की निम्मे अडथळे संपतात. मूळ सिस्टीमच्या सेटिंगच्या फाइली "ईटीसी" मध्ये, आणि आपण वरून बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या "यूएसआर", त्यात "लोकल", त्यात "ईटीसी" मध्ये. लिनक्सवरून आलेला माणूस सांबाची (विंडोजच्या पीसींना नेटवर्कवरून फाइली देणारं सॉफ्टवेअर) फाइल मूळ "ईटीसी" मध्ये शोधत राहतो. ती लोकलच्या ईटीसीत आहे, "एस-एम-बी-४ डॉट कॉन्फ" या नावाने. घरमालकाचं सामान एका खोलीत, भाडेकरूचं दुसऱ्या खोलीत. भाडेकरू गेला तरी मालकाच्या भांड्याला धक्का नाही.

"यूएसआर", "शेअर", "एक्झाम्पल्स" या फोल्डरकडेही जाऊन या. नमुन्याच्या सेटिंग फाइली तिथं ठेवलेल्या असतात, उघडून वाचण्यासाठीच.

पायरी पाचवी: एक खरं काम

नुसतं वाचून डोक्यात राहत नाही. एक काम घ्या आणि ते कागदपत्रांच्या आधाराने शेवटपर्यंत न्या. मी नेटवर्क कार्ड घेतलं, तुम्हीही तिथूनच करा.

पडद्यासमोर बसला असाल तर ऑल्ट आणि एफ-२ दाबा, दुसरं लॉगिन मिळतं. ऑल्ट एफ-१ ने परत पहिल्यावर. एकावर पान उघडं ठेवायचं, दुसऱ्यावर हात चालवायचा. अशा आठ खिडक्या असतात.

आता "पी-सी-आय कॉन्फ", डॅश, एल, व्ही. मशीनमधल्या कार्डांची यादी येते. आमच्या पीसीत एका ओळीच्या सुरुवातीला "आर-ई-०" होतं. लिनक्समध्ये कार्डाचं नाव ते कुठल्या खाचेत बसलंय यावरून पडतं. इथं नाव ड्रायव्हरचं असतं. आर-ई हा रिअलटेकच्या कार्डांचा ड्रायव्हर आणि शून्य म्हणजे त्या जातीचं पहिलं कार्ड. म्हणजे नावातच पानाचा पत्ता आहे: "एम-ए-एन", ४, "आर-ई". पान उघडलं की कुठल्या चिप चालतात, कुठले ऑप्शन आहेत, कुठला संदेश आला तर त्याचा अर्थ काय, सगळं समोर. एखाद्या ओळीच्या सुरुवातीला "नन" असं दिसलं तर त्या उपकरणाला ड्रायव्हर मिळालेला नाही. वायफाय चालत नाही म्हणून डोकं धरणाऱ्याने आधी ही ओळ बघावी.

त्या पानाच्या तळाशी "सी ऑल्सो" असतं. मामा ज्याला "पुढचं पान बघ" म्हणतात ते. तिथून मी "आयएफ-कॉन्फिग" वर गेलो आणि हँडबुकच्या नेटवर्कच्या प्रकरणातून "आर-सी डॉट कॉन्फ" च्या पाचव्या विभागातल्या पानावर. ते पान प्रचंड आहे. तिरकी रेघ मारून हवा तो शब्द शोधा, वाचत बसू नका. त्यात एक मोठी शिकवण आहे: "ईटीसी" मधल्या "डीफॉल्ट्स" फोल्डरात याच नावाची फाइल आहे, तिच्यात सगळी मूळ मूल्यं आहेत, ती फक्त वाचायची. बदल करायचा तो वरच्या, आपल्या फाइलीत. आपली ओळ नंतर वाचली जाते म्हणून ती चालते.

फाइल हाताने न उघडता "सिस-आर-सी" ने ओळ घाला, टायपिंगची चूक टळते. फाइल-सर्व्हरला पत्ता कायमचा हवा, म्हणून मी डीएचसीपी, म्हणजे आपोआप मिळणारा पत्ता, न ठेवता पत्ता आणि नेटमास्क लिहून दिला, राउटरचा पत्ता "डीफॉल्टराउटर" मध्ये. मग "सर्व्हिस नेटइफ रीस्टार्ट". शॉपमधलं दिसायला लागलं, बाहेरचं इंटरनेट गेलं. नेटवर्क उठवताना बाहेरची वाट पुसली गेली होती. "सर्व्हिस राउटिंग रीस्टार्ट" दिल्यावर आलं.

पुढे सांबा. "पी-के-जी" ने बसवा. ही आज्ञा पहिल्यांदा चालवली की तीच म्हणते, मी अजून बसलेली नाही, बसवू का? हो म्हणा. सॉफ्टवेअर बसल्यावर शेवटी काही ओळी पडद्यावर येतात आणि आपण त्या न वाचता पुढे जातो. त्या पुन्हा बघता येतात, "पी-के-जी इन्फो", डॅश मोठा डी, पॅकेजचं नाव. पुढं काय करायचं ते बहुतेकदा तिथंच लिहिलेलं असतं. मग "सर्व्हिस सांबा-सर्व्हर स्टार्ट" (इथली रेघ टाइप करताना खालची) दिल्यावर मशीन ऐकत नाही. पण नीट वाचा, ते कारण आणि उपाय दोन्ही सांगतं: आर-सी डॉट कॉन्फमध्ये अमुक नाव "यस" कर, नाहीतर "स्टार्ट" ऐवजी "वनस्टार्ट" म्हण. एरर म्हणजे शिवी नव्हे, तोही कागदपत्रांचाच भाग. सेटिंगची फाइल लिहून झाली की "टेस्टपार्म" चालवून तपासा, आणि सांबाचा पासवर्ड सिस्टीमच्या पासवर्डहून वेगळा द्यावा लागतो हे हँडबुकमध्ये वाचा. माझं इथं एक संध्याकाळ अडलं होतं.

पायरी सहावी: मोडण्याआधी परतीची वाट

झेडएफएस घ्या म्हणालो ते यासाठी. काही मोठं करण्याआधी "बी-ई-सी-टी-एल क्रिएट" आणि एखादं नाव द्या. सिस्टीमची त्या क्षणाची एक प्रत धरून ठेवली जाते. नंतर मशीन उठेना झालं तर सुरू होतानाच्या मेन्यूत "बूट एन्व्हायरन्मेंट्स" मध्ये जाऊन ती जुनी प्रत निवडायची. बसवलेली पॅकेजंही तिच्यासोबत मागे जातात. युजरांच्या घरच्या फोल्डरांचा भाग वेगळा असतो, त्यामुळे तिथली ड्रॉइंग मागे जात नाहीत, हे बरंच आहे.

ड्रॉइंगसाठी वेगळा स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींची त्या क्षणाची प्रत, घ्यायचा. त्याचं पान "झेड-एफ-एस स्नॅपशॉट" असं, मध्ये आडवी रेघ घालून, स्वतंत्र आहे. पूर्वी सगळं एकाच लांबलचक पानात होतं, आता प्रत्येक कामाचं पान वेगळं आहे. एखादी फाइल उडाली तर फोल्डरच्या मुळाशी "डॉट झेड-एफ-एस" नावाचा लपलेला फोल्डर असतो, यादीत दिसत नाही पण नाव देऊन आत जाता येतं. तिथून "स्नॅपशॉट" मध्ये जुनी फाइल जशीच्या तशी.

बॅकअप मात्र वेगळ्या डिस्कवर हवाच. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला.

पायरी सातवी: जुने लेख आणि आवृत्ती

माझ्या निम्म्या आज्ञा का चालत नव्हत्या? व्हिडिओ जुन्या आवृत्तीचे होते. १४.० मध्ये रूटचा शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, "सी-एस-एच" वरून "एस-एच" झाला. त्याआधीच्या लेखात "सेट-ई-एन-व्ही" असं दिसेल, ते नव्या शेलला कळतच नाही. त्याच आवृत्तीत मेल पाठवायचं काम, आपण काही बदललं नाही तर, "सेंडमेल" ऐवजी "डी-एम-ए" कडे गेलं. हे दोन्ही रिलीज नोट्समध्ये आहे. वाचायला पाच मिनिटं, न वाचल्याने माझे दोन आठवडे.

म्हणून आधी "फ्रीबीएसडी डॅश व्हर्जन" चालवा, आकडा वहीत लिहा, आणि कुठलाही लेख वाचताना त्याची आवृत्ती शोधा. सापडली नाही तर त्यातली आज्ञा उतरवण्याआधी आपल्या मशीनमधलं पान उघडा. पान आणि लेख यांत भांडण झालं तर पानाचं ऐका.

वही

संगणकात नोंदी ठेवू नका, निदान सुरुवातीला. मशीन बंद पडलं की नोंदीही गेल्या. दोनशे पानी वही घ्या. मी पाच गोष्टी लिहितो: तारीख, प्रश्न मराठीत, कुठल्या पानावर उत्तर मिळालं, काय टाइप केलं, आणि ते उलटवायचं कसं. शेवटचं सुचत नसेल तर ती आज्ञा अजून चालवायची नाही. प्रश्न मराठीत लिहायचा याचा एक फायदा होतो, आपल्याला नेमकं काय अडलंय हे आपल्यालाच कळतं. "नेट चालत नाही" असं लिहिलं की वाटतं, हा प्रश्नच नव्हे. "शॉपमधले पीसी दिसतात पण बाहेरची साइट उघडत नाही", हा प्रश्न. आणि मग कुठलं पान उघडायचं हेही सुचतं.

एवढं करूनही अडलं तर विचारावं, लाज नाही. विचारताना आवृत्ती, टाइप केलेली आज्ञा जशीच्या तशी, आलेला संदेश जसाच्या तसा, आणि कुठलं पान वाचलं ते सांगा. "मी हे पान वाचलं, यातली ही ओळ कळली नाही" असं विचारणाऱ्याला अनोळखी माणसंही मन लावून उत्तर देतात. आणि पानातच चूक सापडली तर कळवा. फ्रीबीएसडीच्या बगझिलामध्ये कागदपत्रांच्या चुकाही नोंदवता येतात.

शेवटची पायरी: आपलं पान लिहा

सर्व्हर चालू झाला, आता तो मी नसतानाही चालायला हवा. म्हणून मॅन्युअलच्याच साच्यात एक पान लिहिलं, मराठीत, ए-४ कागदावर. नाव: ड्रॉइंगचा पीसी. वापर: कुठल्या पत्त्यावर, कुठला पासवर्ड कुणाकडे. बंद करायची रीत: कुणी लॉगिन करायचं, आणि "शटडाउन, डॅश पी, नाऊ", बटण दाबून नव्हे. फाइल उडाली तर कुठल्या फोल्डरात बघायचं. संबंधित पानं: वहीची पानं क्रमांक ३ ते ११. दोष: एकाच वेळी दोघांनी तीच ड्रॉइंग उघडून सेव्ह केली तर शेवटच्याची राहते.

प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून सावकाश वाचलं. म्हणाले, "ब्येस झालंय. पण लाइट गेल्यावर काय करायचं, त्ये कुठं लिवलंयस?"

लिहिलं नव्हतं. यूपीएस किती वेळ टिकतो तेही मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्लग काढून घड्याळ लावून बसलो, अकरा मिनिटं निघाली. कागदावर ओळ वाढवली: लाइट गेली की पाच मिनिटं वाट बघा, आली नाही तर वरच्या रीतीने बंद करा. पाकीट सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून लावलंय.